धर्मगुरूकडून लैंगिक अत्याचार झाला असेल तर : पहिल्या दिवसापासून न्यायालयापर्यंत

तक्रार घेऊन पहिल्यांदा विश्वस्तांकडे, बिशपांकडे किंवा मठाधिपतींकडे जाऊ नका. लेखाची सुरुवात अशी नकारानं करणं बरं वाटत नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं. संस्थेला आधी कळलं की निरोप येऊ लागतात, आईवडलांना बोलावून घेतलं जातं, "आपण आतल्या आत बघू" असं सांगितलं जातं. तोवर त्या धर्मगुरूची दुसऱ्या गावी बदली होते, वसतिगृहाचं रजिस्टर सापडेनासं होतं आणि साक्ष देऊ शकणाऱ्या मुली घरी पाठवल्या जातात. संस्थेकडे जायचंच असेल तर नंतर जा, हातात एफआयआरची प्रत घेऊन.

फादर असो, महाराज असो, मौलाना असो की आश्रमातले स्वामी, कायद्याच्या नजरेत त्यांच्यात फरक नाही. पुढं जे लिहिलंय ते भारतातल्या कायद्यावर बेतलेलं आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की या विषयावर इंटरनेटवर मिळणारी बरीचशी माहिती अमेरिकेतली असते. तिथं न्यूयॉर्कनं २०१९ मध्ये जुन्या प्रकरणांसाठी दावे लावायची खास मुदत उघडली, कॅलिफोर्नियानंही तसं केलं आणि धर्मप्रांतांवर कोट्यवधी डॉलरच्या भरपाईचे दिवाणी दावे झाले. आपल्याकडचा रस्ता वेगळा आहे. इथं मुख्य दार फौजदारी गुन्ह्याचं, आणि भरपाईसाठी सरकारी योजना. दिवाणी दावाही लावता येतो, पण त्याची मुदत फार थोडी असते, म्हणून तो विचार मनात असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

आधी जे घडलं त्याला नाव द्या

धर्मस्थानातला अत्याचार बहुतेक वेळा जबरदस्तीच्या रूपात येत नाही. तो "सेवा", "अनुग्रह", "दोषनिवारण", "खास आशीर्वाद", "एकांतातलं समुपदेशन" अशी नावं घेऊन येतो. माणूस घरातला होतो, आजारपणात प्रार्थनेला येतो, फीचे पैसे भरतो, आणि मग एक दिवस दार आतून लावतो. नंतर सांगतो की बोललीस तर पाप लागेल, घरावर संकट येईल. म्हणूनच अनेक जणांना वर्षानुवर्षं वाटत राहतं की मी ओरडले नाही, परत तिथंच गेले, म्हणजे माझीही संमती होती.

कायदा तसं मानत नाही. वय १८ च्या आत असेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही. मूल हो म्हणालं होतं की नाही, हे कुणी विचारायचंही कारण नाही. प्रौढ स्त्रीच्या बाबतीतही भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, आणि अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. देवाचा कोप होईल अशी भीती घालून कुणाकडून काही करून घेणं हासुद्धा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. अंगात दैवी शक्ती आहे, आपण कुणाचा तरी अवतार आहोत किंवा "मागच्या जन्मी तू माझी पत्नी होतीस" असं सांगून लैंगिक संबंध ठेवणं त्यात नावानिशी गुन्हा ठरवलंय. त्याला ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार लिहिताना ही वाक्यं, जशी उच्चारली गेली तशीच, जरूर घाला. पोलिसांना ती फालतू वाटू शकतात, पण ती फालतू नाहीत.

घटना नुकतीच घडली असेल

सरळ रुग्णालयात जा. एफआयआर झालेली नसली तरी चालतं. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं अशा व्यक्तीवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायलाच हवेत. नकार देणं हा गुन्हा आहे. गर्भधारणा टाळण्याची गोळी आणि एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं जितकी लवकर तितकी उपयोगी. एचआयव्हीची औषधं तर ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, त्यामुळे "उद्या बघू" म्हणू नका. शक्य असेल तर आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. ते कागदाच्या पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात. पण आंघोळ करून झाली असेल, कपडे धुतले गेले असतील, तर "आता पुरावाच गेला" असं म्हणून घरी बसू नका. तपासणी तरीही करून घ्या.

तपासणीला तुमची संमती लागते, आणि एखाद्या भागाला तुम्ही नाही म्हणू शकता. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, पालक किंवा मुलीच्या विश्वासातली व्यक्ती सोबत असताना. "टू फिंगर टेस्ट" कुणी करू लागलं तर तिथंच थांबवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ती चूक ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणारा डॉक्टर गैरवर्तणुकीचा दोषी ठरेल असं स्पष्ट सांगितलं.

घटना जुनी असेल

धर्मगुरूंच्या प्रकरणांत जुनी घटना हीच नेहमीची गोष्ट आहे. बारा वर्षांच्या मुलाला जे झालं त्याचा अर्थ तिशीत उमगतो. तेव्हा तोच माणूस गावात अजून मिरवत असतो आणि आपल्या बहिणीचं मूल आता त्याच्या वर्गात जाऊ लागलेलं असतं. अनेक जण बोलतात ते या क्षणी.

फौजदारी कायद्यात कालमर्यादा असते ती ३ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या लहान गुन्ह्यांना. बलात्कार किंवा पॉक्सोमधले (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यातले) गंभीर गुन्हे यांना ती नाही. लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार माणूस मोठा झाल्यावरही देऊ शकतो. मात्र कोणता कायदा लागेल हे घटनेच्या तारखेवर ठरतं, तक्रारीच्या तारखेवर नाही. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याआधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेची जुनी कलमं लागतात. ३० जून २०२४ पर्यंत प्रौढांबाबतीत दंड संहिता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता. म्हणून महिना आणि वर्ष आठवायचा प्रयत्न करा. तारीख आठवत नसेल तर खुणा शोधा: तेव्हा मी सातवीत होते, त्या वर्षी पहिला प्रसाद घेतला होता, आजोबा गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, शिबिराचा गट फोटो आहे त्यात मी निळ्या स्वेटरमध्ये.

हे सगळं एका वहीत लिहून काढा, आणि एकट्यानं लिहा. इतरांशी चर्चा करून लिहिलेलं टिपण पुढं उलटतपासणीत "शिकवून पढवून लिहिलेलं" म्हणून वापरलं जातं. जे आठवत नाही तिथं "आठवत नाही" असंच लिहा. रिकामी जागा भरण्याचा मोह होतो, तो आवरा. पहिल्या जबाबात एक आणि न्यायालयात दुसरं निघालं की बचाव पक्षाचा वकील त्याच फटीत बोट घालतो.

शिबिराचं पत्रक, वसतिगृहाची पावती, त्याच्या हस्ताक्षरातलं पत्र, जुन्या डायरीचं पान, कुणा मैत्रिणीला तेव्हा पाठवलेला निरोप, डॉक्टरांची चिठ्ठी, हे सगळं पुराव्याच्या कामी येतं. मोबाईलवरचे मेसेज असतील तर फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोन जपून ठेवा. डिजिटल पुरावा न्यायालयात मांडताना त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं.

मुलानं तुम्हाला सांगितलं असेल

शांत बसून ऐका. पुन्हा पुन्हा विचारू नका, "त्यानं इथं हात लावला का" असे प्रश्न तर मुळीच नकोत. मूल ज्या शब्दांत सांगेल ते शब्द लगेच उतरवून ठेवा, तारीख आणि वेळ टाका. "तू बरं केलंस सांगितलंस" एवढं म्हणा. "कुणाला सांगू नको" हे मात्र चुकूनही तोंडातून येऊ देऊ नका, कारण हेच वाक्य अत्याचार करणाऱ्यानंही म्हटलेलं असतं.

यानंतर गप्प राहण्याचा पर्याय कायद्यानं मोठ्यांना ठेवलेला नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद आणि संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत. प्राचार्य, मदर सुपीरियर, विश्वस्त, मठाचे व्यवस्थापक, सगळे यात येतात. चर्चमधल्या कबुलीजबाबात (कन्फेशनमध्ये) कळलं म्हणून किंवा गुरुशिष्याचं नातं म्हणून कुणाला सूट आहे, असं त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. घरात कुणी "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणू लागलं तर हे कलम त्यांना दाखवा.

१०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणीही फोन करू शकतं, शेजारीसुद्धा. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. खटला संपेपर्यंत सोबत राहणारी साहाय्यक व्यक्ती बालकल्याण समितीकडून मिळू शकते. ती मागून घ्या, हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं.

पोलीस ठाण्यात

घटना कुठंही घडली असो, तुम्ही आता जिथं आहात तिथल्या ठाण्यात तक्रार देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात आणि ती नंतर योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. याचं मोल कळण्यासाठी आसाराम प्रकरण पाहा. घटना ऑगस्ट २०१३ मध्ये जोधपूरजवळच्या आश्रमातली. कुटुंबानं तक्रार दिली ती दिल्लीत. आश्रमाचं वजन जिथं होतं तिथून दूर नोंदलेल्या त्या झिरो एफआयआरवर पुढचा सगळा खटला उभा राहिला आणि एप्रिल २०१८ मध्ये जन्मठेप झाली. गावातलं ठाणं त्या महाराजांच्या उत्सवाला बंदोबस्त देत असेल, साहेब रांगेत उभे राहून दर्शन घेत असतील, तर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा दुसऱ्या शहरात जा. त्यात कायद्याला बगल देण्यासारखं काही नाही.

सोबत कुणाला तरी न्या. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. लिहून झाल्यावर तो वाचून दाखवायला सांगा, चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्या, समजला नसेल तर सही करू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. "आधी चौकशी करतो, मग बघू" असं उत्तर मिळालं तर हे लक्षात ठेवा: दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. बलात्कारासारख्या गुन्ह्यांत नोंद न घेणाऱ्या पोलिसाला स्वतःला ६ महिने ते २ वर्षं शिक्षा होऊ शकते. तरीही ऐकलं नाही तर तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोचपावती जपा आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

कोणती कलमं लागली हेही पाहा. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी असलेल्या माणसानं त्या संस्थेतल्या मुलावर केलेला अत्याचार पॉक्सोत "गंभीर स्वरूपाचा" मानला जातो. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसानं दुसरीकडे कुठंही केला तरी तसाच. अशा गंभीर स्वरूपाच्या लिंगप्रवेशी अत्याचाराला ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २० वर्षं शिक्षा आहे. मुलगा असो की मुलगी, पॉक्सो दोघांनाही सारखाच लागू. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत न्याय संहितेच्या कलम ६४(२) मध्ये विश्वासाच्या वा अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीनं केलेला बलात्कार वेगळा काढलाय, त्याला किमान १० वर्षं. पोलिसांनी साधं विनयभंगाचं कलम लावून प्रकरण हलकं केलं असेल तर ही कलमं लावा अशी लेखी मागणी करा.

प्रौढ पुरुषांसाठी मात्र आज कायद्यात मोठं भगदाड आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२४ आधीच्या जबरदस्तीच्या घटनेला दंड संहितेचं जुनं कलम ३७७ लागतं. त्यानंतरच्या घटनेसाठी न्याय संहितेत तसं कलमच ठेवलेलं नाही, त्यामुळे मारहाण, डांबून ठेवणं, धमकी यांसारख्या कलमांवर तक्रार उभी करावी लागते. तरुण सेमिनारियन (पाद्री होण्यासाठी शिकणारा) किंवा मठातला ब्रह्मचारी शिष्य यांच्यावर हा सरळसरळ अन्याय आहे. तरीही तक्रार द्या. त्याच माणसाविरुद्ध एखाद्या अल्पवयीन मुलाची तक्रार पुढं आली तर तुमची नोंद त्याच्या कामी येऊ शकते.

नंतरचे दिवस आणि तडजोडीचे निरोप

एफआयआरनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो. हा महत्त्वाचा, कारण तो पोलिसांच्या जबाबापेक्षा जास्त वजनाचा. रात्री झोपून, खाऊन जा. घाई करू नका, पाणी मागा, रडू आलं तर थांबा.

याच काळात पैसे, नोकरी, लग्न, माफी असे निरोप येऊ लागतात. बलात्कार आणि पॉक्सोचे गुन्हे आपसात मिटवता येत नाहीत. मुलाच्या प्रकरणात कुटुंबानं आरोपीशी समझोता केला म्हणून गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये फिरवला. केरळात एका पाद्र्याला पॉक्सोखाली २०१९ मध्ये शिक्षा झाल्यावर त्या मुलीशी लग्नासाठी जामिनाचा अर्ज आला. तोही सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ऐकून घेतला नाही. स्टॅम्प पेपरवर काहीही सही करू नका. क्षमा करायची की नाही हा तुमचा आणि तुमच्या देवाचा प्रश्न आहे, त्याचा गुन्ह्याच्या कागदाशी संबंध नाही.

धमकी आली तर नोंद करा आणि साक्षीदार संरक्षणाचा अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेली ही योजना ज्या याचिकेवर आली, तिचे अर्जदार आसाराम प्रकरणातलेच एक साक्षीदार होते. त्या प्रकरणात साक्षीदारांवर हल्ले झाले, काही मारले गेले. या भीतीला कुणी बाऊ म्हणू नये.

तुमचं नाव, फोटो, गाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. तुम्ही स्वतः समाजमाध्यमावर लिहायचं ठरवत असाल तर आधी एफआयआर होऊ द्या. सद्भावनेनं पोलिसांकडे केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कायद्यात संरक्षण आहे, फेसबुकवरच्या पोस्टला तितकं नाही.

वकील, पैसा, आधार

स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. खटला सरकारी वकील चालवतात, पण तुमच्या बाजूनं वेगळा वकील असला तर जामिनाच्या सुनावणीच्या वेळी तुमचं म्हणणं नीट मांडलं जातं. स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइन आणि जिल्ह्याजिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर आहे. मन फार खचलं असेल तर १४४१६ वर टेलिमानसचे समुपदेशक भेटतात. त्यांच्याशी बोललात म्हणून तक्रार दुबळी होत नाही.

भरपाईसाठी निकालाची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्रात मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे, २०१७ च्या सुधारणेनंतर तिच्यात १० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. पॉक्सो प्रकरणात विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. अर्ज स्वतःहून करा, कुणी दार ठोठावत येत नाही.

आता संस्थेकडे

गुन्हा नोंदला की मग संस्थेला लेखी कळवा आणि पोच घ्या. संस्थेची चौकशी त्या माणसाला पदावरून दूर करू शकते, तुरुंगात पाठवू शकत नाही, एवढा भेद डोक्यात ठेवा. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशानं प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घेण्याची व्यवस्था असणं आवश्यक झालं, आणि पाद्री व सिस्टरांवर वरिष्ठांना कळवण्याचं बंधन आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांवरचं "पोपचं गुपित", म्हणजे कागद गुप्त ठेवण्याचा नियम, हटवलं गेलं. म्हणजे "रोमहून मनाई आहे, कागद देता येत नाहीत" हे उत्तर आता चालत नाही.

सार्वजनिक न्यास असलेल्या मठ वा देवस्थानाच्या बाबतीत महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्यासाठी अर्ज करता येतो. तुम्ही तिथं शिक्षिका, परिचारिका, स्वयंपाकीण किंवा स्वयंसेविका असाल तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदाही लागू होतो. त्याची मुदत मात्र ३ महिन्यांची आहे, फार तर आणखी ३ महिने वाढते. संस्थेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते.

न्यायालयात

पॉक्सोत मुलाची साक्ष न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा. डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम सिंग याच्याविरुद्ध एका साध्वीचं निनावी पत्र २००२ मध्ये पंतप्रधानांपर्यंत गेलं आणि दोषी ठरवणारा निकाल लागला ऑगस्ट २०१७ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत दोन स्त्रिया आपल्या जबाबावर ठाम राहिल्या.

सुनावणी बंद दाराआड होते. मूल आरोपीसमोर येऊ नये अशी सोय, पडदा किंवा व्हिडिओ, मागता येते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. तक्रारीला उशीर का झाला हे नक्की विचारलं जाईल. खरं कारण सांगा, ते कितीही लाजिरवाणं वाटलं तरी: मला वाटलं देव मला शिक्षा करेल, आईचा त्यांच्यावर फार विश्वास होता. लैंगिक गुन्ह्यांत तक्रारीला झालेल्या उशिराकडे वेगळ्या नजरेनं पाहावं आणि साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्या एकीवरही शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच गुरमीत सिंग प्रकरणात सांगून ठेवलंय. (हे गुरमीत सिंग डेऱ्याच्या प्रमुखाहून वेगळे, नावावरून घोटाळा होतो.)

आणि आरोपी सुटला तर? अपील फक्त सरकारनंच करायचं असं नाही. पीडित व्यक्तीला स्वतःला निर्दोष मुक्ततेविरुद्ध, कमी कलमाखाली झालेल्या शिक्षेविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करण्याचा हक्क आहे. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका आणि ती हातात पडली की त्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलाकडे न्या.